अर्ध्यातून मागे फिरता येईल अशी वाट

दिवाळीची सुट्टी जवळ आली की मला एक ठरलेला प्रश्न येतो. कधी फोनवर, कधी मेलमधून, कधी लग्नाच्या पंगतीत जिलेबी वाढता वाढता. "तू डोंगरात हिंडतोस ना, मग पोराबाळांना आणि आई-बाबांना घेऊन जाता येईल असा एखादा ट्रेक सांग की." विचारणारे बहुतेक घरचेच. पुण्याची आत्या, सांगलीची मेहुणी, आणि इथे नेमाने डोकावणारे दोघे-तिघे ब्लॉगर मित्र. दरवेळी तेच उत्तर नव्याने देण्यापेक्षा म्हटलं एकदाच लिहून काढावं. पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवता येईल :)

जागांची नावं शेवटी देतोच. पण त्याआधी थोडी कुरकूर करणार आहे, ती ऐकून घ्या. माझं म्हणणं असं, की कोल्हापूरच्या आसपास डोंगर आहेत, जंगल आहे, चालायची हौस असलेली माणसंही आहेत. नाही ती घरच्या सगळ्यांना मिळून चालता येईल अशी मधली वाट. आणि ती नाही म्हणजे कधीच नव्हती असं नाही. होती. आपण ती हळूहळू मोडीत काढली.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडं आमच्या गावाबद्दल. कोल्हापुरातून पुण्याकडे निघालं की पंचगंगेचा पूल ओलांडल्यावर हायवेच्या कडेला शिरोली एमआयडीसी लागते. फौंड्र्या, मशीन शॉप, वजनकाटे, चहाच्या टपऱ्या, आणि वळण घेता घेता रस्ता अडवून बसलेले ट्रक. भट्टी सुरू असली की हवेला एक विशिष्ट वास असतो. इथे राहणाऱ्याला तो जाणवत नाही, पाहुण्याला पहिल्या मिनिटात जाणवतो. रस्त्याकडेच्या झाडांची पानं पावसाळा सोडला तर राखाडीच. २०१९ च्या महापुरात आमच्या इथे हायवेवर पाणी येऊन रस्ता बंद पडला तेव्हा आमचं नाव सगळ्या टीव्ही चॅनेलवर आलं होतं. एरवी आमची ओळख म्हणजे बीड. मराठवाड्यातलं नव्हे, ओतकामाचं.

पण याच एमआयडीसीतल्या कुठल्याही शेडच्या गच्चीवर चढा आणि पाऊस धुऊन गेलेल्या सकाळी मान वर करून बघा. एका अंगाला जोतिबाचा डोंगर, त्याच्यामागे पन्हाळा. दुसऱ्या अंगाला टोप, कासारवाडीच्या वरची सादळे-मादळेची रांग. मोटरसायकलने अर्धा-पाऊण तास. इतके जवळ डोंगर असलेली औद्योगिक वसाहत महाराष्ट्रात फार नसेल. आणि तरीही आमच्या कॉलनीतल्या मुलांना विचारा, डोंगर म्हणजे काय? डोंगर म्हणजे जिथे गाडी वर जाते, मिसळ मिळते, घोड्यावर बसून फोटो निघतो आणि गाडी खाली येते ती जागा. पायाला माती लागली तर आई ओरडते ती जागा.

हा झाला एक टोकाचा प्रकार. दुसरं टोक म्हणजे पन्हाळा ते पावनखिंड. १६६० च्या जुलैमध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज ज्या वाटेने विशाळगडाकडे निघाले आणि बाजीप्रभूंनी जिथे खिंड अडवली, ती वाट दर पावसाळ्यात हजारो लोक चालतात. दोन दिवस, पन्नासेक किलोमीटर, गुडघाभर चिखल, धुकं, मसाई पठारावरचा वारा. मी स्वतः चाललो आहे आणि परत चालणार आहे. ज्याच्या पायात बळ आहे त्याने आयुष्यात एकदा तरी ती वाट चालावीच. पण सहा वर्षांची मुलगी आणि अडुसष्ट वर्षांची आजी तिथे नेता येत नाही, हेही तितकंच खरं. मध्यंतरी एका ट्रेकिंग ग्रुपची जाहिरात बघितली. 'दहा वर्षांखालील मुले व पन्नाशीवरील व्यक्तींनी कृपया नोंदणी करू नये.' त्यांचं चूक नाही, जबाबदारी त्यांच्यावर असते. पण घरातल्या निम्म्या माणसांना वगळून उरतो तो ट्रेक, हे आपण किती सहज मान्य करून टाकलंय!

म्हणजे बघा, एकीकडे शून्य किलोमीटर आणि दुसरीकडे पन्नास. एक ते पाच किलोमीटरचं काय? घरातला सगळ्यात लहान आणि सगळ्यात म्हातारा ज्या वेगाने चालेल त्याच वेगाने सगळ्यांनी चालायचं, अशी वाट कुठाय?

इथे मला आमच्या चुलतभावाकडच्या गप्पा आठवतात. तो कॅलिफोर्नियात असतो. तिकडच्या मराठी घरांचा एक शिरस्ता आहे. भारतातून आई-बाबा आले की पहिल्या दोन-तीन शनिवारांतला एक ठरलेला कार्यक्रम म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोजवळचं म्यूर वूड्स. रेडवूडची जुनी झाडं बघायला. काका-काकू जाऊन आले तेव्हा काका झाडांच्या उंचीबद्दल बोलत होते. साहजिक आहे, रेडवूड हे जगातलं सगळ्यात उंच वाढणारं झाड, विक्रमी झाड ११५ मीटरच्या वर आहे. काकू मात्र वेगळंच सांगत होत्या. गुडघ्यांमुळे त्या आमच्या देवळाच्या पायऱ्याही टाळतात. त्या म्हणाल्या, "अरे, मी तासभर जंगलात चालले! मला कुणी गाडीत बसून राहायला सांगितलं नाही."

हे कसं जमलं, ते मी नीट विचारून घेतलं. तिथे ओढ्याच्या दोन्ही काठांनी वाट आहे. काही ठिकाणी फळ्या टाकलेल्या, काही ठिकाणी सपाट केलेली. ओढ्यावर थोड्या थोड्या अंतराने पूल. अलीकडच्या पुलावरून पलीकडे जाऊन मागे फिरलं तर अर्ध्या तासाची चक्कर, त्यापुढच्या पुलावरून फिरलं तर तासाची, आणखी पुढच्या पुलावरून दीड तासाची. ज्याला दम आहे त्याच्यासाठी बाजूच्या टेकडीवर चढणाऱ्या वाटा वेगळ्या, त्या थेट समुद्राकडच्या डोंगरांत जातात. आणि हे सगळं चालायला लागण्याआधीच कळतं. किती अंतर, किती चढ, व्हीलचेअर जाईल का, संडास कुठे आहे. काकूंनी स्वतः वाचलं, स्वतः ठरवलं, तासाची चक्कर घेतली. काका आणि चुलतभाऊ पुढे गेले. कुणी कुणासाठी खोळंबलं नाही, कुणी हिरमुसलं नाही.

मला त्या रेडवूडपेक्षा त्या पुलांचं कौतुक जास्त वाटलं. मागे फिरण्याची सोय! आपल्याकडच्या ट्रेकमध्ये अर्ध्यातून परतणं म्हणजे नाक कापलं जाणं. 'टॉपला गेला नाहीस? मग कशाला गेलास?' त्या एका प्रश्नाने किती आया, किती आज्या, किती जाडजूड मुलं घरी बसली असतील, त्याची मोजदाद नाही.

आता कुणी म्हणेल, अमेरिकेचं काय सांगतोस, तिकडे पैसा आहे, माणसं कमी आहेत. माणसं कमी नाहीत हो. म्यूर वूड्सला इतकी गर्दी होते की २०१८ पासून गाडी लावायची जागा आधी राखून ठेवावी लागते. आणि तिकडचे लोक जन्मजात शहाणे होते असंही नाही. किनाऱ्यावरच्या मूळ रेडवूड जंगलातलं जेमतेम पाच टक्के आज उरलंय, बाकीचं त्यांनीच कापून विकलं. म्यूर वूड्स उरलं कारण विल्यम आणि एलिझाबेथ केंट या नवरा-बायकोने ती जमीन विकत घेऊन सरकारला देऊन टाकली आणि १९०८ साली थिओडोर रूझवेल्ट यांनी ती संरक्षित जाहीर केली. म्हणजे आधी अक्कल गहाण, मग शहाणपण. त्या शहाणपणावर कुणाचा मक्ता नाही.

पण मला तिकडची नक्कल करा असं म्हणायचंच नाही. कारण घरच्यांनी मिळून डोंगर चढायची रीत आपल्याकडे म्यूर वूड्सच्या कितीतरी आधीपासून आहे. तिला आपण ट्रेक म्हणत नव्हतो, इतकंच.

जोतिबाचीच गोष्ट घ्या. चैत्र यात्रेला लोक चालत यायचे, अजूनही येतात. कडेवर पोर, डोक्यावर भाकरीचं गाठोडं, पुढे सासनकाठी. नवस बोललेली म्हातारी आणि नवं लग्न झालेलं जोडपं एकाच वाटेवर. ही वाट कुणी 'डिझाइन' केली नव्हती, पण तिच्यात सगळं होतं. दमल्यावर टेकायला दगडी कट्टा. गायमुखाजवळ पाणी. यात्रेत वाटेवर जेवू घालणारं अन्नछत्र. दर थोड्या अंतरावर काहीतरी बघायला, हात जोडायला, गोष्ट सांगायला. मूल विचारतं, "अजून किती?" आणि आजी म्हणते, "ते झाड दिसतंय ना, तिथवर." तिथे पोचलं की पुढचं झाड. लहान मुलाला डोंगर चढवायचं याहून चांगलं तंत्र अजून कुणी शोधलेलं नाही. विसावा हा शब्दच बघा! ट्रेकिंगच्या भाषेत त्याला 'ब्रेक' म्हणतात आणि तो दोन मिनिटांचा असतो. यात्रेत विसावा ही ठरलेली जागा असते. तिथे टेकण्यात कमीपणा नाही, उलट तिथे न टेकणाराच विचित्र.

मग गाडीरस्ता झाला. तो व्हायलाच हवा होता, वर राहणाऱ्या माणसांना दवाखाना लागतो, शाळा लागते, गॅस सिलिंडर लागतो. रस्त्याला माझा विरोध नाही. पण रस्ता आला आणि जुनी पायवाट अनाथ झाली. आता यात्रेचे दिवस सोडले तर पायवाटेवर कोण असतं? काट्याकुट्यांनी वाट अरुंद होत जाते, पायऱ्यांचे दगड निखळतात, वळणावर प्लास्टिक साचतं. आणि एकदा बायकांना, मुलांना तिथे जायला धास्ती वाटायला लागली की वाट मेलीच. पायवाट चालणाऱ्यांच्या पायांवर जगते. चालणं थांबलं की दोन पावसाळ्यांत गवत तिला गिळतं.

हे फक्त जोतिबाचं नाही. गावोगावी डोंगरावर देऊळ आहे आणि देवळापर्यंत डांबर आहे. कुठे टेकडीचा अर्धा भाग दगडखाणीत गेलाय. आमच्या एमआयडीसीच्या आजूबाजूच्या टेकड्या उगाच पायऱ्यापायऱ्यांनी कापल्यासारख्या दिसत नाहीत. आमचीच घरं, आमच्याच शेडचे पाये त्या खडीवर उभे आहेत, त्यामुळे मी खाणवाल्यांना एकट्यांना दोष देणार नाही. पण ज्या टेकडीवर कुणाचं मूल कधी चढलंच नाही, ती टेकडी गेल्याचं कुणाला वाईट वाटणार? माझ्या कुरकुरीचा गाभा हा आहे. मुलं डोंगरात नेणं ही केवळ तब्येतीची किंवा करमणुकीची बाब नाही. ज्याच्या पायाला वाट माहीत आहे तोच पुढे त्या वाटेसाठी भांडेल.

जुन्या लोकांनी जंगल राखलं तेही असंच. देवराया काय उगीच टिकल्या? माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला तेव्हा त्यांना दिसलं की उघड्याबोडक्या डोंगरांत जुनं जंगल देवाच्या नावाने तग धरून आहे. तिथे जत्रा भरायची, गाव जेवायचं, मुलं झाडांखाली खेळायची. आपलेपण होतं म्हणून कुऱ्हाड चालली नाही.

आता समोरची बाजू. माझ्या एका ट्रेकर मित्राने हे सगळं ऐकून हात जोडले. म्हणाला, "दाजी, पाट्या लावू नकोस. पाटी आली की गर्दी आली, गर्दी आली की वडापाव आला, आणि मग रीलवाले." त्याचं म्हणणं मला पटतंही. पावसाळ्यात राधानगरीजवळच्या राऊतवाडी धबधब्याची गर्दी बघितली की कुणालाही तसंच वाटेल. पण माझा त्याला प्रश्न असा, की गर्दी काय पाटीची वाट बघत थांबलीय? ती मोबाईल बघून आधीच आलीय. ती गाडीने येते, जिथे डांबर संपतं तिथे गाणी लावते आणि तिथेच कचरा टाकते. डांबर संपल्यावर पुढे दोन किलोमीटर चालायला लागणारी माणसं सहसा वेगळी असतात. निदान आजीला घेऊन आलेलं कुटुंब दारूच्या बाटल्या फोडत नाही. ज्या वाटेवर आज्या आणि मुलं असतात त्या वाटेवर बाकीचेही जरा सरळ वागतात, हा माझा अनुभव आहे.

दुसरी अडचण जनावरांची. हे मात्र खरंच गंभीर आहे. राधानगरी अभयारण्य मुळात दाजीपूरचं गव्यांचं अभयारण्य म्हणून १९५८ साली सुरू झालं. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला त्यात त्याचा समावेश आहे. तिथले नियम कडक आहेत आणि असायलाच हवेत. पावसाळ्यात प्रवेश बंद, एरवी परवानगी आणि वाटाड्या घेऊनच जायचं. तिथे मनाने पायी भटकायचं नाही. पण गवे आता अभयारण्यातच राहतात असंही नाही, अगदी कोल्हापूर शहराच्या वेशीपर्यंत येऊन गेलेत. गवा दिसला की थांबायचं, आवाज करायचा नाही, त्याला जायला वाट द्यायची आणि आपण मागे फिरायचं. (परत तेच, मागे फिरता आलं पाहिजे!) हे मुलांना घरी बसून शिकवता येत नाही. आग्या मोहोळाखाली धूर करायचा नाही, वाळल्या गवताजवळ काडी ओढायची नाही, हेही चालता चालताच शिकवायचं असतं. दर उन्हाळ्यात लागणारे वणवे जनावरं लावत नाहीत.

असो. आता कबूल केल्याप्रमाणे जागा. सगळ्या आमच्या घरच्या मोजपट्टीने तपासलेल्या, म्हणजे एक सहा वर्षांची कन्या आणि एक गुडघेदुखीवाली आजी.

सादळे-मादळे. शिरोलीकरांसाठी सगळ्यात जवळचं. घाट चढून गाडी वर लावायची आणि पठारावरून हवं तितकं चालायचं. सकाळी लवकर जा, ऊन तापलं की सावली शोधावी लागते. सोबत धपाटे आणि दही.

आळत्याचा रामलिंग. हातकणंगल्याकडे. डोंगर लहान, झाडी बरी, देवळात थंडावा. आजी देवळात टेकते, बाकीचे वर चक्कर मारून येतात. दोघांचंही समाधान.

पोहाळ्याची लेणी. जोतिबाच्या डोंगराच्या कुशीतच आहेत, तरी जोतिबाला शंभरदा गेलेल्या कितीतरी जणांनी ती बघितलेली नाहीत. मुलांना गुहा आवडतातच.

पन्हाळा, पण चालत. गाडी एकदाच लावा आणि विसरा. तटाच्या कडेने, मग तबक उद्यानातल्या झाडीतून. थकलात तर गाडी जवळच असते. २०२५ मध्ये पन्हाळ्याचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं, मराठ्यांच्या बारा किल्ल्यांमध्ये. आता पैसा येईल, गर्दीही येईल. तो पैसा पार्किंगमध्ये जाणार की पायवाटेत, हे येत्या काही वर्षांत ठरेल. म्हणूनच हे आत्ता लिहितोय.

मसाई पठार. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, फुलांच्या दिवसांत. सपाट जागा, लांबलचक नजर. पावनखिंडीच्या वाटेचा हा एक तुकडा मुलांना दाखवून ठेवायचा. उरलेली वाट ती मोठी झाली की स्वतः चालतील. फुलांवर पाय द्यायचा नाही, गाडी पठारावर घालायची नाही. विजा कडाडत असतील तर जायचंच नाही, तिथे आडोसा नाही.

शेवटी एक मागणी. म्हणजे सूचनाच म्हणा. मला कुठे काचेचा पूल नको, रोप-वे नको, सेल्फी पॉइंट तर मुळीच नको. प्रत्येक जुन्या पायवाटेच्या पायथ्याशी एक पाटी हवी. तिच्यावर पाच गोष्टी. अंतर किती, चढ कसा, पाणी कुठे, संडास कुठे, आणि मागे फिरायची पहिली जागा कोणती. बास. ग्रामपंचायत, देवस्थान आणि वन विभाग यांनी एकत्र बसून ठरवायचं. आणि पाटी पत्र्याची नको, दोन वर्षांत गंजते. ती बिडाची करा. आमच्या शिरोलीत ट्रॅक्टरचे, मोटारींचे, पंपांचे सुटे भाग ओतले जातात. एक पाटी ओतणं म्हणजे पॅटर्न शॉपला चहाच्या सुट्टीतलं काम. ओतीव अक्षराचा रंग उडाला तरी बोट फिरवून वाचता येतं. भंगारात जाईल म्हणून भीती वाटत असेल तर काँक्रीटमध्ये पक्की बसवू, त्यातही आमचे लोक हुशार आहेत.

आमच्या शॉपमध्ये ओडिशाची, बिहारची बरीच पोरं आहेत. सुट्टीच्या दिवशी ती चालत जोतिबाला जातात. इथल्या जन्मलेल्या माणसांपेक्षा त्यांना ती पायवाट जास्त पाठ आहे. त्यांच्यातल्या काहींची बायका-मुलं आता इथे आलीत. त्यांच्या लेकरांनाही भट्टीच्या वासापलीकडचं कोल्हापूर दिसायला हवं, आणि ते गाडी नसताना दिसायला हवं. पायवाटेइतकी सगळ्यांची दुसरी जागा नाही. तिकीट नाही, पार्किंग नाही, पाय असले की झालं.

तर आत्या, मेहुणीबाई आणि मित्रहो, सुट्टीत या. बूट साधे चालतील, पाण्याच्या बाटल्या घरून आणा, कचऱ्याला एक पिशवी ठेवा. आणि घरातून निघतानाच मुलांना सांगून ठेवा, की टॉपला जायचंच असं काही नाही. आजी जिथे टेकेल तिथे आपलं शिखर.